प्रस्थापित सागरी मत्स्यालयात नव्या एंजलफिशचा समावेश : एक जीवशास्त्रीय विवेचन

प्रास्ताविक

दोन-तीन वर्षे स्थिरावलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नवा मासा सोडणे, ही वरकरणी पाच मिनिटांची कृती आहे. आमच्या विभागातील ३०० लिटरच्या मत्स्यालयात क्लाउनफिशची एक जोडी, चार क्रोमिस आणि 'कोरल ब्यूटी' (सेंट्रोपायजी बायस्पायनोसा) या जातीचा एक खुजा एंजलफिश होता. त्याला जोडीदार म्हणून त्याच जातीचा दुसरा मासा मागविण्यात आला. प्रस्तुत लेखकाने आलेल्या पिशवीत दोन तास थेंबथेंब पाणी सोडले आणि त्याच संध्याकाळी मासा मुख्य टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी तो मेला. दहाव्या दिवशी क्रोमिसच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले व चारांपैकी तीन दगावले. जेथे त्वरा हवी होती तेथे विलंब झाला आणि जेथे विलंब हवा होता तेथे त्वरा, असे या अपयशाचे स्वरूप होते. त्यामागील कारणांचा विचार येथे करावयाचा आहे.

पोमाकँथिडी या कुलात सुमारे ९० जाती मोडतात. गोड्या पाण्यातील त्याच नावाच्या दक्षिण अमेरिकी माशाशी त्यांचा संबंध नाही. कल्ल्याच्या झाकणावरील मागे वळलेला काटा ही त्यांची ओळख होय. हा काटा जाळीत अडकून माशास इजा होते. म्हणून हा मासा जाळीने न उचलता भांड्यानेच उचलावा.

पिशवीतील रसायनशास्त्र

प्रवासात बंद पिशवीतील मासा श्वसनाद्वारे कार्बन डायऑक्साइड व कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू घटतो आणि घटलेल्या सामूत बहुतांश अमोनिया अमोनियम आयनाच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. एका अर्थी माशाचे स्वतःचे प्रदूषणच त्याचे रक्षण करीत असते. पिशवी उघडताच हा तोल ढळतो. वायू निघून जातो, सामू वाढतो आणि सामू एका एककाने वाढला की विषारी मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. मत्स्यालयातील अधिक सामूचे पाणी थेंबथेंब मिसळल्याने ही वाढ आणखी वेगाने होते. लांबच्या प्रवासानंतरचे दोन तासांचे ठिबक म्हणजे माशाला त्याच्याच विषात बसवून ठेवणे होय. आमच्या माशाचा मृत्यू याच कारणाने झाला, असे परीक्षणाअभावी ठामपणे म्हणता येणार नाही. संशय मात्र तोच आहे.

यावरील उपाय साधा आहे. विक्रेत्याकडील पाण्याची क्षारता आधीच विचारून घ्यावी आणि विलगीकरणाच्या टाकीतील पाणी तेवढ्याच क्षारतेचे करून ठेवावे. बंद पिशवी १५-२० मिनिटे त्या पाण्यावर तरंगत ठेवली की तापमान जुळते. त्यानंतर पिशवी उघडून मासा तत्काळ हलवावा व पिशवीतील पाणी फेकून द्यावे. क्षारता वाढविण्याचे काम पुढे काही दिवसांत सावकाश करता येते.

विलगीकरणाचा काळ

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकेरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा जीव माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत साधारणतः ३ ते ७ दिवस वाढतो, मग गळून तळाशी कोष बांधतो. कोषातून बाहेर पडलेल्या शेकडो पिलावळीस एक-दोन दिवसांत यजमान मिळाला नाही तर ती मरते. कोष फुटण्यास मात्र ३ दिवसांपासून ७२ दिवसांपर्यंत काळ लागू शकतो. म्हणूनच उरलेले मासे अन्यत्र हलवून आम्हाला मुख्य टाकी ७६ दिवस मत्स्यविरहित ठेवावी लागली. विद्यार्थी रोज रिकाम्या टाकीचे तापमान नोंदवहीत लिहीत असत.

तांब्याची मात्रा हा या रोगावरील जुना उपचार आहे. परंतु त्यामुळे खुजे एंजलफिश पुष्कळदा खाणे सोडतात. त्याऐवजी दर ७२ तासांच्या आत मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलविण्याची पद्धत आम्ही अवलंबिली. अशी चार स्थलांतरे झाली की गळलेले कोष फुटण्यापूर्वीच मागे राहतात. त्यापुढे किमान चार आठवडे निरीक्षण ठेवावे. मासा नेमून दिलेले अन्न निःशंकपणे खाऊ लागला, हीच या काळाची खरी कसोटी समजावी.

रहिवाशाचा हक्क

कोनराड लॉरेन्झ यांनी प्रवाळमाशांचे भडक रंग हे स्वजातीयांना दिलेले क्षेत्रहक्काचे इशारे असावेत, असे १९६३ साली आपल्या ग्रंथात मांडले. सम्राट एंजलफिशचे (पोमाकँथस इम्परेटर) पिलू गर्द निळे व पांढऱ्या वर्तुळांचे, तर प्रौढ पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा असतो. या भिन्न वेशामुळे प्रौढ पिलास प्रतिस्पर्धी मानत नसावा, या दृष्टीने हान्स फ्रिके यांनी १९८० साली याच जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुज्या जातींच्या पिलांना असा वेगळा वेश सहसा नसतो. तेथे आकारच बोलतो. हे मासे प्रथम मादी असतात व गटातील वरचढ मादीचे पुढे नरात रूपांतर होते. त्यामुळे नवागत स्पष्टपणे लहान असावा. समान आकाराचा मासा हा रहिवाशाच्या लेखी दावेदारच ठरतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही जुन्या माशाच्या दोन-तृतीयांश लांबीचा मासा घेतला. विलगीकरणानंतर मुख्य टाकीतील दगडांची मांडणी बदलली, जेणेकरून जुन्या माशाच्या परिचित सीमा पुसल्या जाव्यात. नवा मासा छिद्रे पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून पेटी टाकीत बसविली. पहिले दोन दिवस जुना मासा पेटीच्या भिंतीवर धडका देत होता, तिसऱ्या दिवशी फेऱ्या विरळ झाल्या, पाचव्या दिवशी तो तिकडे न पाहता शेवाळ कुरतडत राहिला. त्या संध्याकाळी भरपूर अन्न देऊन, दिवे मालवून पेटी उघडली. सकाळी नव्या माशाच्या शेपटीस किंचित चीर होती; पण दोन्ही मासे एकाच दगडाच्या दोन बाजूंस चरत होते.