उजवीकडून डावीकडे

पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका पूर्वी आमच्या वाड्यात यायच्या. छिन्नी-हातोडी घेऊन ओसरीवर बसायच्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ठिपक्यांच्या ओळी पाडत जायच्या. टक टक टक. मध्येच थांबून तळहात फिरवायच्या आणि जिथे बोट घसरेल तिथे पुन्हा टक टक. घरोघरी मिक्सर आले, तसा तो आवाज गेला. पुढे कित्येक वर्षांनी एका अंधशाळेत मुलींना गोष्टी वाचून दाखवायला जाऊ लागले, तेव्हा सातवीच्या वर्गाच्या दारात तो पुन्हा कानावर आला. वीसेक मुली श्रुतलेखन घेत होत्या. सगळ्यांचे हात वेगाने चालले होते आणि एकीचीही मान खाली नव्हती.

त्यांच्या समोर होती ती ब्रेलची पाटी. लाकडाची एक फळी, वर कागद धरून ठेवणारा चाप आणि दोन्ही कडांना ओळीने भोकं. या भोकांत बसते एक दुपदरी धातूची पट्टी. तिच्या वरच्या पदराला चौकोनी खिडक्या असतात आणि खालच्या पदरात प्रत्येक खिडकीखाली सहा बारीक खळगे. कागद दोन पदरांच्या मध्ये सरकवायचा, खिडकीत स्टायलसचं टोक घालायचं आणि दाबायचं. स्टायलस म्हणजे मुठीत बसेल अशा मुठीची बोथट सुई, चांभाराच्या आरीची लहान बहीण. कागद खळग्यात दबतो, फाटत नाही, आणि पलीकडच्या बाजूला उंचवटा उठतो. पट्टीच्या ओळी संपल्या की ती उचलून खालच्या भोकांत बसवायची. वीज नाही, बॅटरी नाही, बिघडायला काही नाही. पाटी पडली तर फार तर पायाच्या बोटाला लागेल.

खरी गंमत पुढेच आहे. ठिपका उठतो तो कागदाच्या मागच्या बाजूला. म्हणजे वाचायला कागद उलटावा लागतो, आणि उलटल्यावर डावं उजवं होतं. म्हणून लिहायचं ते उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशातलं. वाचायचं मात्र डावीकडून उजवीकडे, सुलट. मी उत्साहाने पाटी मागून घेतली, तक्ता डोळ्यांसमोर ठेवला आणि दहा मिनिटं खपून माझं नाव लिहिलं. शेजारच्या मुलीने कागद काढला, उलटला, बोट फिरवलं आणि हसू दाबत म्हणाली, "ताई, हे कुठल्या भाषेत आहे?" मी सगळं आपल्या सवयीने डावीकडून लिहिलं होतं. त्या वर्गातली प्रत्येक मुलगी वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून डोक्यात ही उलटापालट करत आली होती.

चुकलं तर खोडरबर नाही. उठलेला ठिपका नखाने किंवा स्टायलसच्या मागच्या बाजूने दाबून बसवायचा. तो बसतो, पण पुरता मिटत नाही. सरावलेल्या बोटाला कळतं की इथे आधी काहीतरी वेगळं होतं.

आता या सहा ठिपक्यांविषयी. डाव्या रांगेत वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या रांगेत 4, 5, 6. कुठला उठलेला, कुठला सपाट, अशा 63 जुळण्या होतात, आणि एवढ्यात अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, गणित, संगीताची स्वरलिपीसुद्धा बसवली आहे. ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. 'मराठी' हा शब्द लिहायला पाच घरं आणि सोळा ठिपके लागतात: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. काना ठिपक्यांत स्वतंत्र घर घेतो, वेलांटीही घेते. आणि ऱ्हस्व वेलांटी, जी आपण छापील नागरीत अक्षराच्या आधी काढतो, ती ब्रेलमध्ये अक्षरानंतर येते, जशी ऐकू येते तशी. 'कि' म्हणजे आधी क, मग इ. पहिलीतल्या डोळस पोराला वेलांटी अलीकडे का हे समजावताना शिक्षकांची जी तारांबळ उडते, ती इथे नाहीच. जोडाक्षर येणार असेल तर त्याच्या आधी एकटा चार नंबरचा ठिपका येतो. क्ष आणि ज्ञ यांना मात्र त्यांची स्वतःची घरं आहेत.

ही लिपी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो लुई ब्रेल पॅरिसजवळच्या कुव्रे गावात 4 जानेवारी 1809 ला जन्मला. बाप खोगिरं आणि घोड्यांचा साज बनवणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात हत्याराशी खेळताना डोळ्याला इजा करून बसला, जखम चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे पुस्तकं होती, व्हॅलेंतँ आउई या संस्थापकाने करवून घेतलेली. त्यांत नेहमीचीच रोमन अक्षरं कागदावर मोठी, फुगीर उठवलेली असत. एकेका अक्षराची वळणं बोटाने चाचपत शब्द पुरा होईपर्यंत त्याचं पहिलं अक्षर विसरायला व्हायचं. मुलांना लिहिता तर येतच नसे. पण पाहुण्यांना ती पुस्तकं फार आवडत, कारण ती पाहुण्यांना वाचता येत.

मग शार्ल बार्बिये हा माजी लष्करी अधिकारी बारा ठिपक्यांची लेखनपद्धत घेऊन शाळेत आला. ठिपके बोटाला रेषांपेक्षा चटकन कळतात, हे त्याने दाखवून दिलं आणि तेवढ्यासाठी त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याची पद्धत उच्चारांची होती. शब्द ऐकू येतो तसा लिहायचा. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत. अंधांना एवढं पुरे, असा त्यामागचा हिशेब. पोरसवदा लुईला नेमकं हेच पटलं नाही. त्याने बाराचे सहा केले, म्हणजे एक अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावेल, आणि उच्चाराऐवजी वर्णमाला घेतली. 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची मांडणी जवळपास तयार होती. 1829 मध्ये ती छापून आली.

पुढची हकिगत आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षण खात्यात शोभेल अशी आहे. मुलांनी ही लिपी उचलली आणि 1840 च्या सुमारास नव्या संचालकाने तिच्यावर बंदी घातली. डोळसांना वाचता न येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडेल, असा युक्तिवाद होता. मुलं चोरून लिहीत राहिली. काही वर्षांनी बंदी गळून पडली. 6 जानेवारी 1852 ला ब्रेल क्षयाने गेला आणि फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली ती 1854 मध्ये. 1952 मध्ये त्याच्या अस्थी समारंभपूर्वक पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवल्या. हातांच्या तेवढ्या कुव्रे गावाने ठेवून घेतल्या.

आपल्याकडे अंधांची पहिली शाळा 1887 मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत दादरची शाळा 1900 ची आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल 1902 ची. ठिपके आले, पण ज्याने त्याने आपापल्या भाषेसाठी आपापला तक्ता बसवला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अशा अकरा ब्रेल लिप्या चालू होत्या. 1951 मध्ये त्या मोडून एकच भारती ब्रेल ठरली. त्याच वर्षी देहरादूनला केंद्रीय ब्रेल छापखाना उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड. भारती ब्रेलमध्ये मराठीचा क, तमिळचा क, बंगालीचा क आणि इंग्रजीचा के, सगळ्यांचे ठिपके एकच: 1 आणि 3. सगळ्या भारतीय भाषांनी आपल्या लिपीबरोबर नागरीही वापरावी म्हणून विनोबा अखेरपर्यंत सांगत राहिले, डोळसांनी मनावर घेतलं नाही. सातवीतल्या त्या मुलीच्या हाती बंगाली पुस्तक दिलं तर तिला अर्थ लागणार नाही, पण ती ते अडखळत का होईना वाचून दाखवेल. माझ्यासमोर ते पुस्तक म्हणजे नुसती नक्षी.

पाटीला मोठी भावंडंही झाली. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या डेव्हिड अब्राहम यांनी केलेलं यंत्र 1951 मध्ये बाजारात आलं. नऊ कळा, वजन पाच किलोच्या घरात. सहा ठिपक्यांच्या सहा कळा एकदम दाबता येतात आणि ठिपका वरच्या बाजूने उठतो, म्हणजे लिहिता लिहिता वाचता येतं. ज्या शाळेत ते असतं तिथे त्याला झाकण घालून कपाटात ठेवतात आणि पोरं पाटीवरच लिहितात. किमतीत तेवढा फरक आहे.

मग संगणक आला, मोबाइल आला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर 2006 पासून फुकट मिळतो, त्याची सुरुवात करणारा ऑस्ट्रेलियन तरुण स्वतः अंध आहे. यामुळे किती नोकऱ्या, किती पदव्या शक्य झाल्या ते सांगायला नकोच. पण त्याबरोबर एक वाक्य सर्रास ऐकू येऊ लागलं: आता ब्रेल कशाला? तीन-चार खंडांची जाडजूड कादंबरी कशाला छापायची, ऐकता येतं की!

मला हे वाक्य बार्बियेच्या हिशेबासारखं वाटतं. दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी. मोबाइल हे सगळं एकाच सुरात वाचतो, आणि खरं तर आपणही तसंच बोलतो. डोळस मुलाला फरक कळतो कारण तो हजारदा डोळ्यांखालून गेलेला असतो. अंध मुलीने फक्त ऐकलं तर तिला दिवस आणि गरीब यांतली वेलांटी कुठून कळणार? ब्रेलमध्ये ऱ्हस्व वेलांटीचे ठिपके 2 आणि 4, दीर्घाचे 3 आणि 5. आकार तोच, फक्त एक पायरी खाली. शाळेतले मराठीचे सर, स्वतः जन्मांध, एका मुलीच्या वहीवरून बोट फिरवत म्हणाले होते, "पायरी चुकलीस बघ." मला आधी ती जिन्यावरून पडली असं वाटलं.

ऐकणं आणि वाचणं यांत फरक आहे. ऐकताना वेग दुसऱ्याचा, थांबणंही दुसऱ्याचं. वाचणारा मागे जातो, एका शब्दावर रेंगाळतो, रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणाखाली पुस्तक घेऊन पडतो. शेवटची चैन तर फक्त ब्रेलवाल्यांनाच परवडते. डोळस मुलांना कुणी म्हणत नाही की गोष्टी ऐकता येतात, मग बाराखडी कशाला.

कायद्याने बाजू चांगली धरली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. अंधांसाठी पुस्तकं सुलभ रूपात करण्यावरची कॉपीराइटची अडचण दूर करणाऱ्या माराकेश कराराला 2014 मध्ये सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश आपलाच. मतदानयंत्रावर उमेदवारांच्या बटणांशेजारी क्रमांक ब्रेलमध्ये असतात, म्हणजे ज्याला आकडे वाचता येतात त्याचं मत खरोखर गुप्त राहतं. याच लिपीतून 15 फेब्रुवारी 2008 ला स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी पाक्षिक सुरू केलं. शालेय पुस्तकाबाहेरचं, बातम्यांचं, वादाचं, शिळोप्याचं असं काही बोटांखाली यावं, ही गरज त्यांनी ओळखली.

अंमलबजावणीचं म्हणाल, तर एका कार्यालयात मी ब्रेलचा सुंदर फलक पाहिला. निळ्या पाटीवर पांढरे ठिपके, अक्षरं बरोबर. हात लावला तर सपाट. ठिपके छापले होते. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "तपासणीला आलेल्या साहेबांनी बघितलाय ना." अपंगचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग झालं, शब्द बदलायला कागद फारसा लागत नाही. 2011 च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. त्यांच्या हाती पुस्तक द्यायचं तर कागद लागतो, तोही जाड.

कारण साध्या वहीचा कागद स्टायलसखाली फाटतो. आणि ब्रेलच्या वह्या-पुस्तकांची चळत रचून चालत नाही, वजनाने ठिपके बसतात. ती उभीच ठेवावी लागतात. त्या शाळेच्या ग्रंथालयात म्हणूनच एकही पुस्तक आडवं नव्हतं. सराव मात्र मुली जाड पाठकोऱ्या कागदावर करायच्या. एकीच्या श्रुतलेखनाच्या मागे मार्च महिना होता, दुसरीच्या मागे काश्मीरचं तळं. छापील मजकुराचा बोटांना काही अडथळा होत नाही.

तेव्हा डिसेंबर संपला की जाड, गुळगुळीत कागदाची टेबलावरची आणि भिंतीवरची कॅलेंडरं रद्दीत घालू नका. गावातल्या अंधशाळेला फोन करा, किती जाडीचा कागद चालतो ते आधी विचारा, तारा आणि पिना काढा, आणि घडी न घालता नेऊन द्या.