थकवा आधी की जिवाणू आधी?

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला डेंग्यू झाला. ताप सहा दिवसांत उतरला, प्लेटलेट्सही जागेवर आल्या. पण पुढचे चार महिने डिपार्टमेंटचे दोन जिने चढले की धाप लागायची, आणि एखाद्या दिवशी जोर करून प्रॅक्टिकल पूर्ण केलं तर दुसरा दिवस अंथरुणात जायचा. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मैत्रिणी म्हणायच्या, आळशी झालीस.

त्यामुळे पीएचडीचा विषय शोधताना मी थेट याच प्रश्नाला हात घातला. प्रपोजल सोपं होतं: तापानंतर थकवा राहिलेली नाशिकमधली 40 मुलं, 40 निरोगी मुलं, दोघांच्या शौचाचे नमुने, सिक्वेन्सिंग, तुलना. गाइड सरांनी पहिलं पान वाचलं आणि एवढंच विचारलं, "थकवा आधी आला, की जिवाणू आधी गेले?" प्रपोजल परत आलं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता असंच काहीतरी लिहीत असाल, म्हणून हा लेख.

आधी माझी कल्पना कुठून आली ते सांगते. मोठ्या आतड्यात काही जिवाणू आपल्याला न पचलेला तंतुमय भाग आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा यातूनच घेतात, शिवाय ते दाह आटोक्यात ठेवतं. यातला ठळक जिवाणू म्हणजे फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दीर्घ थकव्याचे (एमई/सीएफएस) 106 रुग्ण आणि 91 निरोगी माणसं तपासली. रुग्णांमध्ये हा जिवाणू कमी होता आणि तो जितका कमी तितका थकवा जास्त. ब्युटिरेट बनवणारी जनुकंही कमी, आणि शौचातलं प्रत्यक्ष ब्युटिरेटही कमी. फक्त सिक्वेन्सिंगच्या टक्केवारीवर न थांबता त्यांनी क्यूपीसीआर आणि रासायनिक मोजणीही केली, हे नीट लक्षात घ्या. टक्केवारीत एक जिवाणू वाढला की बाकीचे आपोआप कमी दिसतात. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

इतकं स्वच्छ चित्र असूनही सरांचा प्रश्न उरतोच. माझंच उदाहरण घ्या. आजारपणात मी आठवडाभर पेज आणि ब्रेडवर होते, तंतू जवळपास शून्य. तापात अँटिबायोटिकही घेतलं होतं, जे विषाणूवर चालत नाही पण आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. पुढे चार महिने हालचाल कमी. त्या काळात कोणी माझा नमुना घेतला असता तर ब्युटिरेटवाले जिवाणू कमी दिसले असते, आणि मी आनंदाने लिहिलं असतं की थकव्याचं कारण सापडलं!

हाँगकाँगच्या संशोधकांनी अर्धं पाऊल पुढे टाकलं. त्यांनी कोविडचे 106 रुग्ण सहा महिने पाहिले. ज्यांना पुढे त्रास राहिला त्यांचे जिवाणू दवाखान्यात दाखल होतानाच वेगळे होते, आणि जे पूर्ण बरे झाले त्यांचे सहा महिन्यांनी निरोगी लोकांसारखे झाले होते. पण दाखल झालेला माणूस आधीच आजारी असतो. खरी 'आधी'ची स्थिती हवी तर निरोगी माणसांपासून सुरुवात करावी लागते.

हे करून दाखवलं शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. तिथे 4501 निरोगी विद्यार्थ्यांची माहिती आधीच घेऊन ठेवली आणि आजाराची वाट पाहिली. त्यातल्या 238 जणांना मोनो (एपस्टीन-बार विषाणूचा ताप, गळ्याच्या गाठी) झाला. सहा महिन्यांनी 55 जण, म्हणजे 23 टक्के, दीर्घ थकव्याच्या निकषात बसले. 2020 च्या या पेपरमधली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: या मुलांमध्ये आजाराआधीच शारीरिक तक्रारी आणि रोगप्रतिकारातले फरक जास्त होते, मानसिक तक्रारी मात्र जास्त नव्हत्या. 'आळशी झालीस' म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी तो पेपर पाठवला. एकीने वाचला.

हा फक्त मोनोचा प्रकार असं समजू नका. 2006 च्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात मालेगावला चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावातला अभ्यास छापून आला. त्यात मोनो, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू (चिकनगुनियाचा चुलतभाऊच) यांचे 253 रुग्ण होते. तिन्हींत साधारण सारख्याच प्रमाणात, सहा महिन्यांनी 12 टक्के लोकांचा थकवा टिकून होता. जंतू कोणता यापेक्षा सुरुवातीचा आजार किती तीव्र होता, याने जास्त फरक पडला.

कारण तपासायचा दुसरा मार्ग म्हणजे जिवाणू बदलून पाहायचे. हाँगकाँगमध्येच कोविडनंतर त्रास राहिलेल्या 463 जणांना सहा महिने बिफिडोबॅक्टेरियम आणि तंतूंचं मिश्रण किंवा थोडं व्हिटॅमिन सी दिलं. मिश्रण घेणाऱ्यांत थकवा जास्त जणांचा कमी झाला. म्हणून लगेच मेडिकलमधून प्रोबायोटिक आणू नका: हे ठरावीक मिश्रण होतं, आणि फिकॅलिबॅक्टेरियम तर हवेतला ऑक्सिजन लागला की मरतो, साध्या कॅप्सूलमध्ये तो मिळत नाही.

शिवाय आपलं आतडं वेगळं. पुण्याच्या एनसीसीएसमधल्या 2016 च्या अभ्यासात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे जास्त आढळले. त्यामुळे अमेरिकेतला 'कमी' इथे जसाच्या तसा लावता येत नाही. सुरगाणा-पेठकडची नागलीची भाकरी खाणारा मुलगा आणि कॉलेज रोडच्या मेसमधला मुलगा एकाच गटात टाकायचे का, हेही आधी ठरवावं लागतं.

माझं नवं प्रपोजल जून महिन्यापासून सुरू होतं, डेंग्यूचा हंगाम चढायच्या आधी. होस्टेलच्या निरोगी मुलांचे नमुने, आहाराची नोंद, मग वाट. ताप आला की चाचणी आणि अँटिबायोटिकची नोंद. तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा नमुना. अडचण एकच: किती जण आजारी पडतील हे माहीत नसताना शेकडो नमुने उणे 80 अंशांवर ठेवायचे आहेत, आणि आमच्या डीप फ्रीझरचा एकच कप्पा मला मिळालाय.