पाखरांची नजर आणि आपलें बुजगावणें

कणसांत दाणा भरूं लागला कीं राखणीचा प्रश्न उभा राहतो. शेतांत रोवलेलें बुजगावणें चार दिवस उपयोगी पडतें. पुढें कावळा त्याच्याच डोक्यावर येऊन बसतो. असें कां होतें, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम डोळा पाहूं. मनुष्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात, गाईबैलांच्या डोळ्यांत दोन. पाखरांत ते बहुधा चार असतात; त्यामुळें जांभळ्या रंगापलीकडील, आपणांस न दिसणारे किरणही पुष्कळ पाखरांस दिसतात.

डोळ्यानें टिपलेली खबर मेंदूंत पोंचण्याचा मार्गही निराळा आहे. मनुष्यांत ती बहुतेक सर्व एका मधल्या ठाण्यांतून मेंदूवरील घडीदार सालीकडे जाते. पाखरांत तिचा मोठा भाग प्रथम मध्यमेंदूंतील दोन ठळक गोलकांत जातो. तेथें हालचालीची छाननी होते व मग खबर पुढील मेंदूकडे रवाना होते. चावडीवर कागद तपासून मग कचेरींत धाडावा, तसाच हा प्रकार.

पाखरांच्या मेंदूस घडीदार साल नसते, म्हणून त्यांस पूर्वीं मंदबुद्धि समजत. परंतु पोपट व गाणारे पक्षी (कावळा याच वर्गांतला) यांच्या पुढील मेंदूंत, तितक्याच वजनाच्या मेंदूच्या सस्तन प्राण्यांपेक्षां अधिक पेशी दाटीनें बसलेल्या असतात, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत आढळलें.

याचा प्रत्यय अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं आला. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारांत २००६ सालीं संशोधकांनीं एक विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले व खुणेचीं कडीं घालून सोडून दिले. पुढें कित्येक वर्षें तो मुखवटा दिसतांच कावळे कल्ला करीत. कधींही न पकडलेले कावळेही त्यांत सामील होत.

शत्रूचा चेहरा जो इतका ध्यानांत ठेवतो, तो निरुपद्रवी बाहुलें चार दिवसांत ओळखील यांत नवल तें काय? म्हणून बुजगावणें दाणा भरण्याच्या सुमारासच उभारावें, दर दोनतीन दिवसांनीं त्याची जागा व पोशाख बदलावा, वाऱ्यानें हालतील अशा चकाकत्या पट्ट्या त्यास बांधाव्या, आणि त्याच्याजवळून अधूनमधून राखणदारानें गोफण चालवावी. यंदाच्या हंगामांत वाचकांनीं हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंति आहे.