ॲप तुमचं, पण कागदावर कोणाचं?

आजच्या भागात कोडिंगचं एक अक्षरही नाही. पहिलं ॲप लोकांसमोर आणायच्या आधी जे कागद करावे लागतात, आज त्यांच्याबद्दल बोलू. हं, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. कारण इथेच जास्त गोंधळ होतो.

समजा, पुण्यात शिकणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. मेसचा आजचा मेनू आणि महिन्याचा हिशेब दाखवणारं ॲप त्यांना काढायचंय. कल्पना एकीची, पैसे दुसरीचे. कोड एका ओळखीच्या फ्रीलान्सरने ३० हजारांत लिहून दिला. प्ले स्टोअरचं खातं उघडलं एकीच्या भावाच्या नावावर, कारण कार्ड त्याच्याकडे होतं. ॲप चाललं, पैसे यायला लागले. आता सांगा, ॲप कोणाचं?

कोड कोणाचा?

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामही येतो. साधा नियम असा, की ज्याने लिहिलं तो पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून कोड लिहिला तर तो मालकाचा होतो. पण बाहेरच्या माणसाला पैसे दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही! हक्क लेखी द्यावे लागतात, खाली सही लागते. "ताई, सगळं तुमचंच आहे" हे तोंडी बोलणं पुरत नाही.

कागद केलात तरी दोन गोष्टी नीट लिहा. हक्क किती काळासाठी ते लिहिलं नाही, तर कायदा ५ वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही, तर फक्त भारत धरतो. म्हणून 'कायमचे आणि जगभरासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी पूर्ण सोर्स कोड आपल्या हातात घ्या.

मैत्री की भागीदारी?

"आम्ही कुठे कंपनी काढलीये?" असं बऱ्याच जणांना वाटतं. पण दोघी मिळून धंदा करतायत, नफा वाटून घेतायत, तर कागद नसतानाही १९३२च्या भागीदारी कायद्याने ती भागीदारी ठरू शकते. मग वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समसमान. एकीने रात्री जागून काम केलं आणि दुसरी परीक्षेला निघून गेली, तरीसुद्धा! शिवाय धंद्याचं देणं थकलं, तर ते एकीकडूनही पूर्ण वसूल होऊ शकतं, तिच्या स्वतःच्या पैशातून.

एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड केली तर ही जबाबदारी साधारणपणे मर्यादित राहते. पण कमाई शून्य असली तरी दरवर्षी सरकारकडे कागद भरावे लागतात. म्हणून सुरुवातीला निदान एक करारनामा करा. कोणाचा वाटा किती, काम कोणाचं काय, आणि एकजण सोडून गेली तर तिच्या वाट्याचं काय. हा तिसरा मुद्दा बोलायला अवघड वाटतो, म्हणूनच भांडण नसताना बोलून घ्यायचा.

खातं आणि नाव

गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. पैसे किती, यापेक्षा खातं कोणाच्या नावावर हे महत्त्वाचं, कारण कमाई तिथेच जमा होते. ॲप दुसऱ्या खात्यावर हलवता येतं, पण त्यासाठी खातं ज्याच्या हातात आहे त्याने हो म्हणायला हवं. गूगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मित्रमंडळी आधीच गोळा करून ठेवा.

नाव ठरवताना सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर शोध घ्या, तो फुकट आहे. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात आणि नोंदणी १० वर्षं टिकते.

लोकांची माहिती

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरला जातो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. मेसमध्ये अकरावी-बारावीची मुलंही जेवतात, हे लक्षात आलं का? मेनू दाखवायला कोणाचे कॉन्टॅक्ट लागत नाहीत, लोकेशनही लागत नाही. मग मागूच नका. प्रायव्हसी पॉलिसी प्ले स्टोअरला लागतेच, पण दुसऱ्याची उचलून चिकटवू नका. तुमचं ॲप जे करतं तेच त्यात हवं.

तर मंडळी, आज रात्री एवढंच करा. कोड, वाटा, खातं, नाव, असे चार शब्द कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे कोणाचं आणि त्याचा पुरावा कुठाय. जिथे जागा रिकामी राहील, तिथला कागद आधी करा. करारनामा सही करण्याआधी वकिलाला जरूर दाखवा. ॲप चालायच्या आधी हे बोलणं दहा मिनिटांचं असतं, पैसे आल्यावर तेच बोलणं मैत्री तोडतं.

भेटू पुढच्या भागात!