माशीचं सोंग, माशाची खिडकी

तीर्थनच्या काठी ट्राउट मासा धरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता. डोक्याला कुलूची टोपी, हातात लवचीक काठी, नजर पलीकडच्या काळ्या खडकावर खिळलेली. पाय घसरला असेल असं वाटून मी पुढे झालो, तर त्यानं मागं न बघता हातानं खूण केली, खाली बसा. मग हळूच म्हणाला, "मासा बघतोय."

वाहत्या, फेसाळत्या पाण्यातून मासा आपल्याला बघतो, हेच मला नवीन होतं. पुढचे चार दिवस मी फक्त एवढंच विचारत राहिलो की तो काय बघतो. खोट्या माशीनं मासा फसवण्याच्या या खेळाचं सगळं शास्त्र आणि सगळी कारागिरी त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तीर्थन ही हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यातली लहानशी नदी. हंसकुंडापाशी उगम, मग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या रानातून खाली येत गुशैणी, बंजार अशी गावं ओलांडून लारजीला बियासमध्ये मिळते. पावसाळ्यात ती गढूळ आणि दांडगी असते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस परततो, डोंगरांवरून येणारा गाळ थांबतो, आणि पाणी इतकं नितळ होतं की कंबरभर खोलीवरचे गोटे मोजावेत. आयुर्वेदात शरदातल्या पाण्याला हंसोदक म्हटलं आहे : दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं, अगस्तीच्या उदयानं निर्मळ झालेलं. तीर्थनच्या खोऱ्यातून अगस्तीचा तारा दिसणं कठीण, इतक्या उत्तरेला तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम पाच-सहा अंश चढतो आणि तेवढ्यात डोंगर आडवे येतात. पण हंसकुंडातून आलेलं ते पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा हंसोदक हा शब्द मला पहिल्यांदा नीट कळला.

याच नितळ पाण्यामुळे शरदातला ट्राउट फसवायला सर्वांत अवघड. त्याला आता सगळं दिसतं.

तर तो काय बघतो? प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला आपलं अख्खं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं, सुमारे 97 अंशांच्या शंकूत दाटून दिसतं. त्याच्या डोक्यावर जणू एक गोल खिडकी असते. मासा फूटभर खोल असेल तर तिचा व्यास सव्वादोन फूट. तो चार इंचांवर आला की खिडकी आकसून नऊ इंचांची होते. मासा पोहेल तशी ती त्याच्याबरोबर सरकते. आकाश, देवदार, काठावरची गाय, सगळं त्या गोलात. क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून अंधूक होतात, म्हणून तो माणूस गुडघ्यांवर होता. उभा राहिला असता तर कडेच्या धूसर पट्ट्यातून वर आला असता, आणि मासा खडकाखाली गेला असता.

खिडकीच्या बाहेर काय असतं, हे ऐकून मात्र मी थक्क झालो. बाहेर आरसा असतो. तिथं पाण्याचा पृष्ठभाग पारदर्शक राहतच नाही, नदीच्या तळाचंच प्रतिबिंब त्यात पडतं. आता या आरशावरून एखादा किडा तरंगत येतो आहे अशी कल्पना करा. माशाला तो दिसत नाही. दिसतात ते त्याच्या पायांनी पाण्याच्या पातळ त्वचेला पाडलेले खळगे, आरशात चमकणारे प्रकाशाचे ठिपके. मग खिडकीच्या कडेवर पंखांची टोकं उगवतात, अंगापासून तुटल्यासारखी, अधांतरी. पंख आधी, अंग मागाहून. खिडकीत शिरल्यावर दोन्ही जुळतात आणि किडा पुरा होतो. ठिपके, पंख, अंग या क्रमानं खात्री पटली, तरच ट्राउट वर येतो.

आता त्या माणसाच्या डबीतली खोटी माशी पाहा. नखाएवढा गळ. त्यावर दोरा, सशाच्या केसांचं अंग, कधी मोरपिसाच्या दोन-तीन तंतूंची हिरवट झळाळी. आणि मानेशी, कोंबड्याच्या मानेचं एक ताठ पीस गोल गुंडाळलेलं, म्हणजे त्याचे तंतू चहूकडे काट्यांसारखे उभे राहावेत. मी ते पीस सजावटीचं समजत होतो. ते तंतू पाण्यावर टेकतात आणि नेमके तेच खळगे पाडतात. किड्याचे पाय आहेत ते! क्लॉडियस एलियन या रोमन लेखकानं इसवी सन 200 च्या सुमारास मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात. प्रकाश का वाकतो याचं गणित तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मासा कशाला भुलतो हे ठाऊक होतं.

सोंग घ्यायचं तर मूळ पात्र माहीत हवं. इथलं मुख्य पात्र म्हणजे मेफ्लाय. तिला सुटसुटीत मराठी नाव मला सापडलं नाही, पण तिची कथा वाळवीच्या पाखरांसारखीच आहे, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या. मेफ्लायचं पिल्लू महिनोन् महिने पाण्याखाली दगडाला चिकटून काढतं. मग एके दिवशी पृष्ठभागावर येतं, पाठ उकलते आणि मळकट पंखांचा किडा बाहेर पडतो. पंख फुटल्यावर कुठलाच किडा पुन्हा कात टाकत नाही. मेफ्लाय टाकते, आज जिवंत असलेल्या कीटकांत एकटी तीच. काठावरच्या झाडीत बसून ती आणखी एकदा अंग सोडते आणि काचेसारख्या पंखांनी नदीवर परतते. तिचं तोंड निकामी असतं, खायचं वयच सरलेलं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. जोडी जमवायची, पाण्यावर अंडी टाकायची, पंख पसरून वाहून जायचं. त्या वाहून जाणाऱ्या पंखांखाली ट्राउट तोंड उघडून उभा असतो.

शरदात दुसरंही एक पात्र असतं, आपल्या ओळखीचं. काठावरचं गवत छातीएवढं वाढलेलं असतं, दुपारी वारा सुटतो आणि नाकतोडे पाण्यात पडतात. एका नाकतोड्यात कितीतरी मेफ्लायांचा ऐवज. आणि ट्राउट हा पक्का हिशेबी प्राणी आहे. तो धारेत उगाच पोहत नाही. खडकाआडच्या संथ पाण्यात, वेगवान धारेच्या अगदी शेजारी उभा राहतो, आणि धार जे आणेल ते टिपतो. मिळकतीपेक्षा खर्च जास्त दिसला तर हलत नाही. पाणी थंड हवं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 25 अंशांत जेमतेम 8. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत ट्राउट का नाही, त्याचं मोठं कारण या दोन आकड्यांत आहे.

मग प्रश्न येतो फेकण्याचा. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी मागून ओढली जाते. इथं गळाला वजनच नाही. इतकी हलकी वस्तू तीस फूट फेकायची कशी? उत्तर असं, की ती फेकायचीच नाही, दोरी फेकायची. दोरीच जड असते. नेहमीच्या एका मापाच्या दोरीचे पहिले तीस फूट नऊ ग्रॅम भरतात. पोतराजाचा आसूड आठवा. मुठीशी जाड, टोकाकडे निमुळता. हाताचा झटका टोकाकडे जाताना कमी कमी वस्तुमानात साठत जातो, वेग वाढतो, आणि आसूड कडाडतो. इथं तोच झटका दोरीच्या वळशातून पुढे धावतो, पण टोकाला केसासारखा बारीक धागा असतो, तो हवेशी झगडून उरलेला जोर जिरवतो. आसूड गप्प होतो. माशी पाण्यावर पिसासारखी उतरते.

उतरल्यावर खरी परीक्षा. मधली धार जोरात, खडकाआडचं पाणी संथ. धार दोरीला ओढते, दोरी माशीला, आणि माशी पाण्यावर रेघ काढते. खरा किडा असा कधीच सरकत नाही. तो माणूस मनगट फिरवून दोरीचं पोट वरच्या अंगाला उचलून ठेवायचा, की माशीला चार-पाच सेकंद मोकळे मिळावेत. त्या चार सेकंदांसाठी सगळा खटाटोप. आणि मग पाण्यावर एक वर्तुळ उमटलं.

मासा त्यानं ओल्या हातानं, पाण्यातच धरला. पिवळ्या अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट वलय. हा ब्राउन ट्राउट इथला नव्हे. युरोपातून आणलेली अंडी 1900 मध्ये काश्मिरात जगली, आणि 1909 मध्ये तिथून कुलूत आली. अंड्यातल्या पिल्लाचे डोळे काळ्या टिपक्यांसारखे दिसू लागले की अंडी काटक होतात. बर्फाच्या गारव्यात ओल्या शेवाळात ठेवली तर त्यांची वाढ मंदावते आणि त्यांना दूरचा प्रवास सोसतो. 1864 मध्ये अशीच अंडी इंग्लंडहून जहाजानं टास्मानियाला पोचली होती, सुमारे तीन महिन्यांनी. पण पाहुणा निरुपद्रवी नाही. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत ब्राउन ट्राउट आहे, आणि हिमालयातल्या मूळच्या स्नो ट्राउटला, जो खरं तर कार्पच्या कुळातला, त्याच्याशी जागा वाटून घ्यावी लागते. या देखण्या माशाबद्दल बोलताना हे लपवू नये असं मला वाटतं.

धरलेला मासा नर होता, खालचा जबडा आकड्यासारखा वळू लागलेला. दिवस लहान होऊ लागले की विणीची तयारी सुरू होते. आपल्याकडचे चढणीचे मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्यावर चढतात. ट्राउट उलट, पूर ओसरल्यावर. मादी शेपटीनं वाळूगोट्यांत खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. 10 अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला दीड महिना, हिवाळ्याच्या गारठ्यात त्याहून बराच जास्त. तेवढा काळ गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहायला हवं, गाळ बसला तर अंडी गुदमरतात. म्हणून हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते.

त्यानं गळ सोडवला, मासा धारेकडे तोंड करून क्षणभर धरला आणि सोडून दिला. मग बुडातला एक चपटा गोटा उलटा करून मला दाखवला. खाली तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं पळत होती, शेजारी वाळूचे कण चिकटवून बांधलेलं एका अळीचं घर. ट्राउट आपल्या ओढ्यांत नाहीत, पण मेफ्लाय सह्याद्रीतही आहेत. येत्या शरदात पाणी निवळलं की गावाजवळच्या वाहत्या ओढ्यात जा, एक गोटा उलटून बघा, आणि होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा.