कमांड चुकली, पुढे काय?
केन थॉम्प्सन यांनी 1969 मध्ये लिहिलेला युनिक्सचा 'एड' हा एडिटर आज्ञा चुकली की नुसतं '?' छापतो. कारण हवं असेल, तर वेगळी 'एच' आज्ञा द्यायची!

व्हर्जन कंट्रोलचा 'गिट' बराच समजूतदार. 'कॉमिट'मधला एखादा 'एम' गळला, तर अशी आज्ञा नाही म्हणतो आणि जवळची आज्ञा सुचवतो. सेटिंग बदललं, तर थोडं थांबून स्वतःच ती चालवतो. हा थांबण्याचा आकडा सेकंदाच्या दशांशात मोजतात. म्हणजे 10 लिहिलं, की हातात एकच सेकंद. हे जरा अतीच झालं. अंदाज सुचवावा, परस्पर राबवू नये.

एररचं वाक्य माणसासाठी असतं, स्क्रिप्ट बघते एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा. मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'ला तो सापडला तर 0, नाही सापडला तर 1, फाइलच उघडता आली नाही तर 2. 'सापडलं नाही' आणि 'बघताच आलं नाही' यांत फरक ठेवणं आपल्या टूललाही जमायला हवं. एररचा मजकूर स्टँडर्ड एररवरच पाठवावा, नाहीतर तो पाइपमधून पुढच्या कमांडच्या पोटात जातो.

कधी अडचण नावातच असते: फाइलचं नाव '-' ने सुरू होत असेल, तर फाइल पुसणारं 'आरएम' त्याला ऑप्शन समजून अडतं. तेव्हा आधी '--' लिहा, मग नाव.