नवी एअर रायफल घेतलीत? आधी हे तपासा

१० मीटर एअर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. म्हणूनच नव्या कोऱ्या रायफलमधले कारखान्यातून आलेले बारीक दोषही मला फार महत्त्वाचे वाटतात. इथे ४.५ मिमीच्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलबद्दल लिहितोय.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. मग नळीचं तोंड बघा, कारण छर्रा शेवटचा स्पर्श तिथेच करतो. कानात घालायची कापसाची काडी आतून बाहेर हलकेच फिरवा. धागे अडकले, तर तिथे धातूची कूस राहिली आहे आणि छर्रे एका बाजूला भरकटणार. माझ्या मते हा सर्वांत जास्त दुर्लक्षित दोष.

दस्त्याचे स्क्रू सैल असतील तर नेम दर फैरीला बदलतो. ते स्वतः आवळा, पण पिळवटू नका. नळीतलं गंजरोधक तेल कापडाने पुसून काढा. नळीच्या सांध्यापाशी टिश्यूची पट्टी ठेवून सुरक्षित लक्ष्यावर छर्रा झाडा. पट्टी उडाली, तर सीलमधून हवा गळतेय. ही चाचणी छर्ऱ्याशिवाय कधीच करू नका, पिस्टन थेट धातूवर आदळतो.

कूस किंवा सीलचा दोष असेल, तर कानस हातात घेऊ नका. फोटो काढा आणि वॉरंटीत दुकानदाराकडे परत द्या.